तोट्यातलं वाचनालय, चौदा पोरांची शाळा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन एकत्र घेते आहे. एक अमळनेर तालुक्यातलं, एक शहाद्याकडचं, एक नंदुरबार तालुक्यातलं. लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांच्याही मनात अडकलेला काटा एकच आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण वाचनालयाच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली.

प्रश्न : आमच्या गावचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत सगळ्यात खालचं आहे. जागा चौकात आहे. पुस्तकं तेराशेच्या आसपास, वर्गणी भरणारे सदतीस. कार्यकारी मंडळातले तरुण सदस्य म्हणतात, वाचनालय तोट्यात आहे. पुढच्या खोलीत स्पर्धा परीक्षेसाठी एसी अभ्यासिका काढू, खुर्चीमागे महिना सातशे घेऊ, आणि पाच वर्षांत कुणी नेली नाहीत ती पुस्तकं रद्दीत काढू. मी हिशेब पाहिला. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. विरोध करावा असा मुद्दा माझ्याकडं नाही, पण मन मानत नाही.
— सचिव, अमळनेर तालुका

उत्तर : सचिवभाऊ, तुमच्या मंडळानं एक शब्द न तपासता वापरला आहे, ‘तोटा’. तिथून सुरुवात करू.

बाजाराशी माझं वैर नाही. आमच्या घरची गाडी दर हंगामात बाजार समितीत उभी राहायची. कापसाला चार व्यापाऱ्यांनी बोली लावावी आणि जास्त बोलेल त्याला माल जावा, हे योग्यच आहे. तिथं बोलणारा एकटाच उरला की शेतकरी बुडतो, तेही मी पाहिलं आहे. पण त्याच घरात मी दुसराही एक व्यवहार पाहिला, तो बोलीवर चालत नव्हता.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. नदीवर जुना बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्यानं सोडायचं, राखणीला जागल्या. ही पद्धत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं चालत आली आहे. माझ्या वडिलांची दीड एकर होती आणि ती तीन फडांत विखुरलेली. लहानपणी मला वाटायचं, एका ठिकाणी असती तर किती सोयीचं झालं असतं. १९७२च्या दुष्काळात त्या विखुरण्याचा अर्थ कळला. मी दहा वर्षांची होते. बंधाऱ्यात पाणी उरलं नव्हतं. सगळे बसले आणि एकाच फडाला पाणी द्यायचं ठरलं. त्या फडात गावच्या पाटलांची आठ एकर होती, आमची अर्धा एकर. बाकीच्या फडांतलं त्यांचंही वाळलं, आमचंही वाळलं. पाटकऱ्याला दुप्पट पैसे देऊन कुणाला आपल्या वाफ्यात पाणी वळवता आलं नाही. त्या अर्ध्या एकरात जे आलं त्यावर आमच्या घरानं ते वर्ष काढलं.

पाटाला कुणी विचारत नाही, यंदा नफा किती झाला. विचारतात, शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं का. तुमच्या वाचनालयाला हाच प्रश्न विचारा, मग हिशेबाच्या वहीत काय राहून गेलं ते दिसेल.

वहीत काय दिसतं? वर्गणीच्या पावत्या आणि देवघेव रजिस्टर. मी ज्या तालुक्याच्या वाचनालयात होते तिथं रोज सकाळी एक हमाल यायचा. त्याला वाचता येत नव्हतं. खिडकीशी उभा राहून विचारायचा, “ताई, आज पेपरमा कापूसना भाव काय से?” मी भाव सांगायचे, मग तो आणखी दोन बातम्या वाचून घ्यायचा. भिलाटीतली, म्हणजे भिल्लवस्तीतली एक मुलगी शाळा सुटली की यायची, शब्दकोश घेऊन कोपऱ्यात बसायची आणि आपल्या वहीत शब्द उतरवायची. वर्गणी भरणं तिच्या आईला शक्य नव्हतं आणि वाचनकक्षात बसायला वर्गणी लागतही नव्हती. निवृत्त झालेले एक गँगमन चार-चार तास बसायचे, कारण घरात सुनेच्या पोरांना अभ्यासाला जागा हवी असायची. या तिघांपैकी एकाचंही नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. म्हणजे तुमचे तरुण सदस्य ज्या आकड्यांवरून निकाल देत आहेत, त्यांत निम्मं वाचनालय आलेलंच नाही.

आता अभ्यासिका. वीस खुर्च्या, सातशे रुपये, महिन्याला चौदा हजार. मोह पडावा अशीच रक्कम आहे. शासनाकडून ‘ड’ वर्गाला कित्येक वर्षं वर्षाला ३० हजार मिळत होते. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८ हजार झाले, म्हणजे महिना ४ हजार. त्यात वर्तमानपत्रं, पुस्तकं, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. मी हे दिवस काढले आहेत, म्हणून पैशाचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. पण खुर्चीला सातशे पडले की त्या खोलीचा मालक बदलतो. एका गावात हे टप्प्याटप्प्यानं होताना मी पाहिलं. आधी पैसे भरणाऱ्या मुलांनी तक्रार केली की पेपर चाळल्याचा आवाज होतो, म्हणून पेपर व्हरांड्यात गेले. पावसाळ्यात व्हरांडा भिजला, पेपर बंद झाले. मग बालविभाग गेला, लहान पोरं गडबड करतात म्हणून. मग गोदरेजची कपाटं मागच्या खोलीत ढकलली, कारण त्या जागेत आणखी सहा खुर्च्या बसत होत्या. कुणीही वाचनालय बंद करायचा ठराव केला नव्हता. पाटी अजून आहे.

आणि सातशे रुपये म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी. तिची मुलगी तलाठ्याच्या परीक्षेला बसत असेल तर तिला खुर्ची हवीच आहे, इतरांपेक्षा जास्त हवी आहे. म्हणून मुलांना अभ्यासाला जागा द्याच. संध्याकाळी सहानंतर वाचनकक्षातली टेबलं त्यांच्यासाठी ठेवा, दिवे आणि पंखे चालू ठेवा, फुकट. वीजबिलासाठी ग्रामपंचायतीकडं ठराव मागा. जी मुलं नोकरीला लागून गाव सोडून गेली त्यांच्याकडं पत्र पाठवा. एसी नसला तरी चालेल, आपल्याकडं मे महिन्यात कुठलाही एसी दम टाकतोच.

रद्दीबद्दल मला सांगायचं आहे ते सांगायला जड जातं. १९९६ साली आमच्याकडं असाच ठराव झाला. पाच वर्षांत न हललेलं सगळं काढायचं. यादी मी केली, सही माझी. त्यात एका स्थानिक साप्ताहिकाचे बांधीव अंक होते, धुळीनं भरलेले, सात-आठ वर्षांचे. रद्दीवाल्यानं चार रुपये किलोनं नेले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच भागातले चार म्हातारे शेतकरी आले. पाण्याच्या पाळीवरून दोन गावांत वाद लागला होता. ७२ साली पाळी कशी ठरली ते त्या साप्ताहिकात छापून आलं होतं, असं त्यांना पक्कं आठवत होतं. ते चौघं बाकावर बसून राहिले, आणि मी रिकामं कपाट उघडून दाखवलं. वाद पुढं तीन वर्षं कोर्टात राहिला. त्या दिवसानंतर ‘कुणी नेत नाही’ या कारणावरून मी एकही पुस्तक काढलं नाही. वाळवी लागली, पानं गळाली, तर वेगळं.

धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ तुमच्या सदस्यांना एकदा दाखवून आणा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत राहिले, १९२६च्या अखेरीस धुळ्यातच गेले, आणि लगेच १९२७ मध्ये लोकांनी हे मंडळ उभं केलं. त्या कागदांना तेव्हा किती गिऱ्हाईक होतं? आज कुणी खानदेशाच्या गावगाड्यावर लिहायला बसलं तर त्याला तिथं जावंच लागतं.

मुळात वाचनालय म्हणजे सार्वजनिक गरज, हे आपल्या मातीत नवं नाही. कौळाण्याहून, म्हणजे आपल्या मालेगावच्या बाजूच्या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीरावांनी १९१० पासून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. मद्रास प्रांतानं १९४८ साली कायदा केला तेव्हा घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर बसवला. कर्नाटक, केरळातही उपकर आहे. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात उपकर नाही. त्यामुळं आपली वाचनालयं दरवर्षी अनुदानाची वाट पाहत बसतात आणि मंडळातल्या चांगल्या माणसांनाही वाटायला लागतं की आपण काहीतरी तोट्याचं चालवतो आहोत. हा राग तुमच्या तरुण सदस्यांनी योग्य दारी न्यावा. आमदाराकडं जावं, उपकराची मागणी करावी. आणि पुस्तकखरेदीला पैसे नसतील तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात अर्जाची चौकशी करा.

मंडळाच्या बैठकीआधी एक काम करा. आठवडाभर दाराशी वही घेऊन बसा आणि जो आत येईल त्याची नोंद करा, वर्गणीदार असो नसो, वाचायला आलेला असो की नुसता टेकायला. ती वही बैठकीत ठेवा.

प्रश्न : आमच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत चौदा मुलं आहेत. माझी मुलगी दुसरीत आहे. मिस्टर म्हणतात, तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू, बस दारात येते. फी वर्षाला अठ्ठावीस हजार. मी म्हटलं, गुरुजी चांगले आहेत. ते म्हणतात, फुकट मिळतं ते तसलंच असतं. मी मुलीचं नुकसान करते आहे का?
— एक आई, शहादा तालुका

उत्तर : नाही ताई, तुम्ही नुकसान करत नाही आहात. तुमचे मिस्टरही मुलीच्या काळजीनंच बोलत आहेत. त्यांना फक्त एवढं विचारा : त्या शाळेत तिला शिकवणार कोण, त्यांचं शिक्षण किती, पगार किती, आणि ते दोन वर्षं तरी टिकतात का? बस आणि टाय दिसते, हे दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी डी.एड. केलेलं असतं, पात्रता पाहून नेमलेलं असतं. मुलगी दुसरीत आहे, तिला तुमच्या घरची भाषा समजणारा माणूस समोर हवा.

‘फुकट’ हा शब्दही मला खुपला. ते फुकट नाहीच. साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत तुम्ही कर भरताच. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढं जोतिराव फुल्यांनी हेच मांडलं होतं : सरकारी तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्यांसाठी होतो. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब बोलले की शिक्षण खातं हे पैसे घ्या आणि तेवढंच द्या अशा देवाणघेवाणीवर चालवायचं खातं नाही. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आलं पाहिजे, आणि खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण जितकं स्वस्त करता येईल तितकं केलं पाहिजे. हा विचार आज मागं पडतो आहे. २०१२ मध्ये राज्यानं स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांचा कायदा केला, त्यानंतर तालुक्या-तालुक्यात शाळा उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. त्याच वर्षी शाळा दत्तक योजना आली, ठरावीक देणगी दिली की काही वर्षं शाळेला देणगीदारानं सुचवलेलं नाव. शाळेला रंग मिळावा, संगणक मिळावा, याला कोण नाही म्हणेल? पण गावाची शाळा गावाच्या नावानं ओळखली जावी एवढं तरी राहू द्यावं, असं मला फार मनापासून वाटतं.

तुमच्या चौदांतून एक गेली की तेरा राहतात. मग गुरुजी एक कमी, मग शाळाच दुसऱ्या गावी. मधे नाला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सहा वर्षांचं पोर तो कसं ओलांडेल, हे पट मोजणाऱ्याला दिसत नाही. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलं आहे, ते तोंडपाठ करून ठेवा.

आणि जो आधी जातो तो बहुतेक बोलू शकणारा असतो. बोलणारे आईबाप गेले की मागं राहतात मजुरीला गुजरातेत जाणाऱ्यांची पोरं, त्यांच्यासाठी गुरुजींना जाब विचारणारं कुणी उरत नाही. तुम्ही पत्र लिहू शकता, म्हणजे तुम्ही बोलणाऱ्या आहात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात, हा २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातला नियम आहे. तुमच्या शाळेची समिती कधी बसते ते गुरुजींना विचारा आणि जा. दुकानात आवडलं नाही तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. शाळेत आवडलं नाही तर बसून दुरुस्त करता येतं, तेवढा अधिकार कायद्यानं दिलेला आहे.

पुढं काही कारणानं खासगी शाळेतच घालायची वेळ आली तर त्या कायद्यातल्या वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा पाहा, त्या पहिली किंवा त्याआधीच्या प्रवेशाला असतात, धाकट्या मुलासाठी उपयोगी पडतील. २०२४च्या फेब्रुवारीत त्या जागांना कात्री लावणारा नियम आला होता. त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पालकच कोर्टात गेले होते.

प्रश्न : ताई, मी एकवीस वर्षांचा आहे. आमच्या गावात ज्येष्ठ म्हणतात, मंदिरासाठी जो जास्त रक्कम देईल त्याला सरपंच करू, बाकीच्यांनी अर्ज मागं घ्यायचे. भांडण नाही, दारूमटण नाही, पैसा गावालाच. मला पटत नाही, पण चूक काय तेही सांगता येत नाही.
— नंदुरबार तालुका

उत्तर : बेटा, तुझ्याच तालुक्यात हे झालेलं आहे. खोंडामळीला सरपंचपदाची बोली ४२ लाखांवर गेल्याचं उघड झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याचीही केली. तिथंही कारण मंदिराचंच होतं.

चूक कुठं आहे ते सांगते. तुझ्या आजीचं मत आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराचं मत मतपेटीत सारख्याच वजनाचं. वर्षभर दुसऱ्यांच्या बांधावर राबणाऱ्या माणसाला गावात इतर कुठंही ही बरोबरी मिळत नाही. बोली लागली की ती एक दिवसाची बरोबरीही गेली. बोलीत तुझी आजी उभीच राहू शकत नाही. तिला कुणी विचारलंही नाही, तिच्या वाट्याचं चार जणांनी पारावर बसून विकून टाकलं. आणि ज्यानं लाखो रुपये मोजले त्याला घरकुलाच्या यादीत, पाणीपुरवठ्याच्या कामात, गावठाणाच्या जागेत आपली रक्कम दिसायला लागणार. तू त्याला जाब विचारायला गेलास तर तो म्हणेल, मी पद घेतलं आहे. ‘घेतलं’ म्हणेल, ‘तुम्ही दिलं’ म्हणणार नाही.

बिनविरोध निवड वाईट नसते. आमच्या फडात पाटकरी सगळ्यांनी बसून ठरवायचे, कधी दोन रात्री लागायच्या, आवाज चढायचे. पण ठरायचं ते माणसाकडं बघून. जास्त पैसे देतो म्हणून कुणाच्या हाती पाटाची फळी दिली असती तर खालच्या वाफ्यांचं काय झालं असतं, हे अंगठा उठवणाऱ्या माझ्या आजोबांनाही कळत होतं.

ज्येष्ठांशी भांडू नकोस. मंदिर हवं असेल तर घरटी वर्गणी काढा, अकरा रुपये देणाऱ्याचीही पावती फाडा. सरपंचाचा विषय वेगळा ठेवा. ग्रामसभेत उभा राहा आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हण. कोरम १०० मतदारांचा किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्क्यांचा, जो आकडा कमी असेल तो. एवढी माणसं तू आणि तुझे मित्र घरोघर जाऊन आणू शकता. बायकांना आणा.

आणि जवळच्या वाचनालयात जाऊन जानेवारी २०२१ची वर्तमानपत्रांची फाईल माग. खोंडामळीची बातमी सापडेल, झेरॉक्स काढून पारावर मोठ्यानं वाच. फाईल रद्दीत गेली असेल तर मला कळव. कात्रण माझ्याकडं आहे, पोस्टानं पाठवते.